खत कंपनीसाठी घेतलं, बिल मात्र माझ्या नावावर: उधारी कोणाची?



रोहिणी सुरू आहे, मृग तोंडावर आलाय. या दिवसांत आपला संदेश म्हणजे उगवणशक्ती तपासा, बीजप्रक्रिया करा, पेरणीची घाई नको, एवढंच असतं. आजचा विषय वेगळा आहे आणि संदेशही जरा लांब आहे. पण याच पंधरा दिवसांत आपले संचालक आणि गावोगावचे प्रतिनिधी कृषी सेवा केंद्रांतून सगळ्यांसाठी खत-बियाणं उचलतात, म्हणून आत्ताच पाठवतो आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

समजा, एक संचालक भाऊ दुकानात गेले. म्हणाले, "शेठ, डीएपीच्या दोनशे बॅगा पाठवा, पैसे सोयाबीन निघाल्यावर." शेठ त्यांना वीस वर्षांपासून ओळखतो. त्यानं बिलबुकात भाऊंचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, २०० बॅगा, १,३५० रुपयांप्रमाणे २,७०,००० रुपये, उधार. गाडी आली, खत कंपनीच्या गोदामात उतरलं, साठ सभासदांनी नेलं. पुढे दिवाळीत सोयाबीनला भाव मिळाला नाही, सभासदांची वसुली थकली, कंपनीच्या खात्यात पैसा नाही. आता शेठ कोणाच्या दारात जाईल?

भाऊंच्याच. आणि कोर्टात गेला तरी दावा भाऊंवरच लावेल. भाऊ म्हणतील, "माझ्या वावरात तर त्यातल्या चारच बॅगा पडल्या, बाकी सगळ्या कंपनीच्या." शेठ म्हणेल, "मला कुठं माहीत? मी तुम्हाला माल दिला." बिल बघितलं तर शेठचंच खरं दिसतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज आहे की कंपनी रजिस्टर झाली म्हणजे आपण सुटलो. अर्धी गोष्ट बरोबर आहे. उत्पादक कंपनीत सभासदाची जबाबदारी त्याच्या शेअरच्या न भरलेल्या रकमेपुरतीच असते. शेअर पूर्ण भरला असेल तर कंपनीच्या कर्जासाठी कोणी तुमच्या घरावर येऊ शकत नाही. कंपनी कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती आहे. ती माल घेते, ती देणं लागते, तिच्यावर दावा होतो. पण त्यासाठी व्यवहार त्या कंपनीनं केलेला दिसला पाहिजे. दुकानदारासमोर फक्त तुम्हीच उभे असाल आणि कंपनीचं नाव कुठंच आलं नसेल, तर व्यवहार तुमचा.

हे कुठं लिहिलंय? भारतीय करार कायदा, १८७२, कलम २३०. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आहे, आजही चालतो. कलमाची सुरुवात आपल्या बाजूची आहे. दुसऱ्यासाठी व्यवहार करणारा प्रतिनिधी त्या व्यवहाराला स्वतः बांधील नसतो. मात्र पुढं तीन प्रसंग दिले आहेत, ज्यात तो स्वतः बांधील आहे असं कायदा गृहीत धरतो. पहिला प्रसंग परदेशातल्या व्यापाऱ्यासाठी केलेल्या खरेदी-विक्रीचा, तो सोडून देऊ. दुसरा म्हणजे प्रतिनिधीनं आपल्या मालकाचं नाव सांगितलं नाही तर. तिसरा, मालकाचं नाव सांगितलं पण त्याच्यावर दावाच करता येत नाही असं असेल तर.

दुसऱ्या प्रसंगातला 'नाव' हा शब्द नीट बघा. "मी कंपनीसाठी घेतोय" असं तोंडानं म्हटलं तर अर्धंच काम झालं. कोणती कंपनी? एकेका तालुक्यात अनेक शेतकरी कंपन्या आहेत आणि त्यातल्या काहींची नावंही सारखीच वाटतात. पूर्ण नाव सांगायचं, आणि त्या नावाच्या शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' हे शब्द आलेच पाहिजेत. गावात आपण जे लाडकं नाव वापरतो, किंवा डाळीच्या पाकिटावर जो ब्रँड छापतो, ते कंपनीचं नाव नाही.

'गृहीत धरतो' याचा अर्थ असा की उलट सिद्ध करायची संधी असते. दुकानदाराला आधीपासून सगळं माहीत होतं, मागच्या वर्षी त्यानं कंपनीच्याच नावानं बिलं फाडली होती, पैसे कंपनीच्या खात्यातून घेतले होते, हे दाखवता येतं. पण दाखवण्याची मेहनत तुमची, वकिलाची फी तुमची, तारखाही तुमच्याच. बिलावर कंपनीची एक ओळ लिहून घेतली असती तर यातलं काही लागलं नसतं.

*हाच कायदा आपल्या बाजूनंही चालतो*

आतापर्यंत आपण घेणारे होतो. आता विकणारे होऊन बघू. कायदा करणाऱ्यांनी कलमांखाली छोटी उदाहरणं दिली आहेत. कलम २३३ चं उदाहरण वाचलं तेव्हा मला वाटलं की हे विदर्भातच बसून लिहिलंय. एकानं दुसऱ्याला कापसाच्या १०० गाठी विकायचा करार केला, नंतर कळलं की घेणारा तिसऱ्याचाच माणूस होता. विकणाऱ्यानं पैसे कोणाकडून मागायचे? कायदा म्हणतो, समोरच्या माणसाकडून मागा, मागच्या मालकाकडून मागा, किंवा दोघांकडून मागा.

आता आपली खेडा खरेदी डोळ्यासमोर आणा. डिसेंबरमध्ये गाडी गावात येते, काटा लागतो, एक पोरगा रोख थोडे देतो आणि म्हणतो, "बाकीचे आठ दिवसांत, जिनिंगवाला देईल." कोणतं जिनिंग? "आहे एक, तुम्ही ओळखत नाही." त्यानं नाव सांगितलं नाही, तर पैशासाठी तो स्वतः बांधील आहे असं कायदा धरून चालतो. उद्या तो म्हणाला की मी तर नोकर, मालकाकडं जा, तर त्याला तेवढ्यानं सुटता येत नाही. आणि मागचा मालक नंतर सापडला, तर त्यालाही धरता येतं. त्यानं नाव सांगितलं असेल आणि ते खोटं निघालं, म्हणजे जिनिंगनं त्याला कधी पाठवलंच नव्हतं, तर कलम २३५ प्रमाणे नुकसानभरपाई त्याच्याकडूनच.

म्हणून स्मार्टफोन आहे तर वापरा. गाडीच्या नंबराचा फोटो, काट्यावरच्या वजनाचा फोटो, आणि त्या माणसाच्या हातची चिठ्ठी, ज्यावर त्याचं नाव, मोबाईल, कोणासाठी घेतो, वजन, भाव, बाकी रक्कम आणि सही असेल. चिठ्ठी द्यायला नाही म्हणाला तर तेव्हाच ठरवा की माल भरायचा की नाही. मालाच्या किमतीचा दावा करायला मुदत तीन वर्षांची असते, पण तीन वर्षांनी तो पोरगा कोणत्या गावात असेल, हे फोटो असल्याशिवाय शोधता येत नाही.

बाजार समितीत हा घोळ कमी होतो. कळमन्यात किंवा तालुक्याच्या समितीत माल लावला की सौदापट्टी, काटापट्टी, हिशोबपट्टी मिळते आणि आडत्या परवान्याचा असतो. आडत्या नक्की कोणाच्या वतीनं उभा असतो, यावर मुंबई उच्च न्यायालयात १९०५ मध्येच एक गाजलेला निकाल झाला आहे, भगवानदास विरुद्ध कानजी. त्यात पक्की आडत म्हणजे काय हे सांगितलं. पक्का आडत्या सौदा स्वतःच्या अंगावर घेतो आणि आपल्या गिऱ्हाइकाला तोच बांधील राहतो. कच्चा आडत्या दोन पार्ट्या जोडून देणारा. जुने आडते हे दोन शब्द अजून वापरतात. तुमचा आडत्या स्वतःला यातला कोणता समजतो, एकदा चहा पिताना विचारून बघा. उत्तरावरून बरंच कळतं.

*कंपनीचा माल स्वतःच्या नावावर विकू नका*

हा मुद्दा संचालकांनी नीट वाचावा, कारण यात नुकसान सगळ्या सभासदांचं होतं.

कलम २३२ खालचं उदाहरण तांदळाचं आहे. एक माणूस दुसऱ्याचं ५०० रुपये देणं लागतो. तोच त्याला १,००० रुपयांचा तांदूळ विकतो. खरं म्हणजे तांदूळ तिसऱ्याचा आहे, पण घेणाऱ्याला ते माहीत नाही आणि शंका यायचंही कारण नाही. आता तिसरा पुढं येऊन म्हणाला की तांदूळ माझा, पूर्ण पैसे मला द्या, तर घेणारा आपले जुने ५०० कापून घेऊ शकतो.

हे आपल्याकडं कसं होतं बघा. चाळीस सभासदांची तूर गोळा झाली. संचालकानं ओळखीच्या व्यापाऱ्याकडं नेली आणि हिशोबपट्टी स्वतःच्या नावावर घेतली, कारण "तो मला ओळखतो, लवकर देतो." त्याच व्यापाऱ्याची त्या संचालकाकडं जुनी उचल बाकी आहे. व्यापारी पट्टीतून ती कापून घेतो. कंपनी भांडायला गेली तर तो म्हणतो, मला कुठं माहीत होतं तूर कंपनीची आहे? मग चाळीस जणांच्या तुरीतून एका माणसाची उचल फिटते. ते पैसे कंपनीला त्या संचालकाकडून मागावे लागतात, आणि ज्याच्याकडं उचल बाकी होती त्याच्याकडून वसुली किती सोपी असते, ते तुम्हीच सांगा. माल कंपनीचा असेल तर पट्टी कंपनीच्या नावावर आणि पैसे कंपनीच्या खात्यात. उशीर झाला तरी चालेल.

*सही कशी करायची*

इथं शंभर वर्षांपूर्वीचा एक किस्सा सांगतो. हैदराबादचे पंतप्रधान महाराजा किशन प्रसाद. तेव्हा आपला मराठवाडाही निजामाकडंच होता. त्यांच्या खाजगी खजिन्याचा कारभार बघणारे मोहनलाल यांनी हुंड्या काढल्या. पैसे मिळाले नाहीत म्हणून सदासुख जानकीदास या पेढीनं थेट महाराजांवर दावा लावला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९१८ मध्ये निकाल लागला. हुंडीवर मोहनलाल यांचा हुद्दा होता, महाराजांच्या खजिन्याचे अधीक्षक म्हणून. पण हुंडीचे पैसे महाराज देणं लागतात, असं हुंडीवरून दिसत नव्हतं. महाराज सुटले. न्यायालयानं म्हटलं की ज्याला जबाबदार धरायचं त्याचं नाव कागदावरच स्पष्ट दिसलं पाहिजे.

म्हणजे सहीखाली नुसतं 'संचालक' किंवा 'अध्यक्ष' लिहून भागत नाही. चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांच्यासाठी तर वेगळा नियमच आहे, परक्राम्य संलेख कायदा १८८१, कलम २८. आपण दुसऱ्याच्या वतीनं सही करतोय हे त्या कागदावर न लिहिता सही केली, तर सही करणारा स्वतः जबाबदार. सही अशी असावी:

*………… प्रोड्युसर कंपनी लिमिटेड करिता*
*(सही)*
*नाव, संचालक / अधिकृत प्रतिनिधी*

कंपनीचं पूर्ण नाव वर, 'करिता' हा शब्द, मग तुमची सही. रबरी शिक्का असाच बनवलाय, तो वापरा.

चेकबद्दल अजून एक. कंपनीच्या उधारीसाठी स्वतःच्या बचत खात्याचा चेक कधीही देऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला की नुसता ठेवायला द्या. चेक वटला नाही तर कलम १३८ ची नोटीस तुमच्या नावानं येते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावे लागतात, नाहीतर फौजदारी केस. उधारी माझी नव्हती, कंपनीची होती, हे सांगून तिथं सुटका होत नाही. जामीनदारानं दुसऱ्याच्या देण्यासाठी दिलेला चेकही या कलमात येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय. आणि कंपनीच्या चेकवर सही करणाऱ्यांनीही खात्यात पैसे बघूनच सही करावी. कंपनीचा चेक परत आला तर सही करणाऱ्यालाही केसमध्ये ओढलं जातं, तिथं कंपनीचं नाव लिहिलेलं असून उपयोग होत नाही.

*ऑर्डर व्हॉट्सॲपवर देताना*

आता निम्म्या ऑर्डरी फोनवरच जातात. व्हॉट्सॲपचा मेसेज कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येतो, म्हणून तो नीट लिहा. "भाऊ, २०० बॅगा डीएपी पाठवा" एवढाच मेसेज म्हणजे तुमची ऑर्डर. त्याऐवजी असं लिहा:

"………… प्रोड्युसर कंपनी लिमिटेड यांच्याकरिता ऑर्डर. डीएपी ५० किलो, २०० बॅगा. बिल कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या जीएसटी नंबरवर करावे. पैसे कंपनीच्या खात्यातून मिळतील."

हा मजकूर कॉपी करून ठेवा, दर वेळी माल आणि आकडे बदला. फोनवर बोलणं झालं असेल तरी मागाहून हा मेसेज टाका. माल आल्यावर बिल बघा. त्यावर तुमचंच नाव असेल तर गाडी उतरवण्याआधी बदलून घ्या. बियाण्याच्या बाबतीत याचा अजून एक फायदा आहे. सोयाबीन उगवलं नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडं जाताना पक्कं बिल, पिशवी आणि टॅग लागतो. बिल एका माणसाच्या नावावर आणि पेरलं साठ जणांनी, मग प्रत्येकाला आपलं बियाणं त्याच बिलातलं होतं हे समजावत बसावं लागतं.

कंपनीच्या बाजूनंही कायद्यानं काही बंधनं घातली आहेत. कंपनी कायदा २०१३, कलम १२ प्रमाणे लेटरहेड, बिलबुक आणि नोटीस यांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन नंबर, फोन आणि ईमेल छापलेला पाहिजे. जिथं जिथं कामकाज चालतं तिथं बाहेर नाव-पत्त्याचा बोर्ड पाहिजे, आणि तो आपल्या भागातल्या लिपीतही. हे पाळलं नाही तर दिवसाला १,००० रुपये, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत दंड, कंपनीलाही आणि जबाबदार अधिकाऱ्यालाही. आपल्या काही संकलन केंद्रांवर अजून जुन्या गटाचाच बोर्ड लटकलाय, तो खरीप सुरू व्हायच्या आत बदलायला हवा.

*गट आणि नोंदणीआधीचे व्यवहार*

गटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बचत गट, शेतकरी गट, कंपनी, सगळं आपण एकाच श्वासात बोलतो. कंपनी कायद्यात नोंदलेली असते. कंपनी किंवा संस्था म्हणून कुठंच न नोंदलेला गट ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती नसते, म्हणून गटाच्या नावावर घेतलेली उधारी ती घेणाऱ्या माणसांवरच येते.

कंपनी नोंदवायच्या आधी तिच्या नावानं केलेली खरेदीही तशीच धोक्याची. जी अजून जन्मलीच नाही तिच्यावर दावा कोण करणार? इंग्लंडमध्ये १८६६ मध्ये असंच झालं. एका हॉटेल कंपनीच्या प्रवर्तकांनी कंपनी स्थापन व्हायच्या आधीच तिच्यासाठी ९०० पौंडांची वाइन घेतली. कंपनी झाली, वाइन पिऊन संपली, कंपनी बुडाली. पैसे प्रवर्तकांना स्वतःच्या खिशातून भरावे लागले. आपल्याकडं २९ फेब्रुवारी २०२० ला १०,००० शेतकरी कंपन्यांची केंद्राची योजना सुरू झाल्यापासून नव्या कंपन्या भराभर झाल्या. तुमचे पाहुणे कुठं नवी कंपनी काढत असतील तर त्यांना हा संदेश पाठवा. नोंदणीची फी, वकील, छपाई असा थेट खर्च कंपनी प्रवर्तकांना परत देऊ शकते, पण पहिल्या सर्वसाधारण सभेनं मंजूर केला तर. म्हणून त्या सगळ्या पावत्या जपायच्या. ट्रॅक्टर, खत, मशीन मात्र नोंदणीनंतर, कंपनीच्या नावानं.

वैयक्तिक हमीवर सही केली असेल तर वरचं काहीच कामाला येत नाही. बँक किंवा खत कंपनी डीलरशिप देताना कागदांच्या गठ्ठ्यात हमीपत्र घालते. हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मी एका व्यापाऱ्याच्या करारात ते अकराव्या पानावर बघितलंय. सही करायच्या आधी 'हमी', 'जामीन', 'गॅरंटी' हे शब्द शोधा.

*आधीच स्वतःच्या नावावर घेतलं असेल तर*

घाबरू नका, पण गप्पही बसू नका. दुकानदाराला आजच लिहून कळवा की हा माल अमुक कंपनीसाठी घेतला होता, बिल कंपनीच्या नावावर करून द्यावं. तो तयार झाला तर तसं लेखी घ्या. त्यानं आधी तुम्हाला सांगितलं असेल की पैसे मी कंपनीकडूनच घेईन, तुमच्याकडं मागणार नाही, आणि त्या भरवशावर तुम्ही व्यवहार केला असेल, तर नंतर तो तुम्हाला धरू शकत नाही (कलम २३४). तसा मेसेज असेल तर डिलीट करू नका. कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीत तो व्यवहार मांडून ठरावात नोंदवून घ्या. कंपनीनं सांगितलेल्या कामासाठी तुम्ही खिशातून पैसे भरले, तर कलम २२२ प्रमाणे ते कंपनीनं तुम्हाला भरून द्यायचे असतात. ठराव असेल तर ते मागणं सोपं जातं.

नोटीस आली असेल तर उत्तर देण्यात दिवस घालवू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे सभासद आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. फोन १५१००.

कंपनीचं लेटरहेड, छापील ऑर्डर फॉर्म आणि शिक्का ऑफिसात ठेवलाय. खरेदीला निघायच्या आधी घेऊन जा, सही करून घ्या आणि संध्याकाळी बिलाचा फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा. ज्यांची मागच्या हंगामाची बिलं अजून स्वतःच्या नावावर आहेत, त्यांनी ती घेऊन यावं, आपण एकेक बघू. पुढच्या संदेशात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण गोणपाटावर कशी तपासायची ते पाठवतो, तोपर्यंत १०० दाणे मोजून बाजूला ठेवा.